शिफारशीतला शब्द

'स्टँडऑफिश' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो माझ्याचबद्दल.

दोन मुलांना घेऊन इंग्लंडमधल्या हॉकेनशॉला येऊन आम्हाला सहाएक महिने झाले होते. घराच्या पुढच्या खोलीत ह्यांचा दवाखाना, आणि मधल्या दाराशी टेबल टाकून मी रोग्यांची नावं लिहून घ्यायची. एका सकाळी बाकावर दोन बायका बसल्या होत्या. मला त्यांची बोली कळत नाही अशी त्यांची खात्री होती, आणि ती बरीचशी खरीही होती.

"डॉक्टर लाख माणूस गं," एक म्हणाली, "पण बायको जरा स्टँडऑफिश आहे, नाही?"

"जरा? व्हिस्टच्या पत्त्यांच्या डावाला दोनदा बोलावलं चॅपलमध्ये. हसली आणि आत निघून गेली."

मी तो शब्द वहीच्या मागच्या पानावर जसा ऐकला तसा देवनागरीत लिहून ठेवला. दुपारी सांगलीहून आणलेला इंग्रजी-मराठी कोश काढला. त्यात अर्थ दिला होता, 'अलिप्त, राखून वागणारा'. मला बरंच वाटलं. अलिप्त म्हणजे काय वाईट? आमच्या देशाचं अख्खं परराष्ट्र धोरण अलिप्त होतं.

शेजारच्या आयव्ही स्पेन्सलीनं तो आनंद संध्याकाळपर्यंतही टिकू दिला नाही. आयव्ही मागच्या दारानं यायची, दार न वाजवता. आल्या आल्या स्वतःच किटली चढवायची.

"स्टँडऑफिश म्हणजे काय, आयव्ही?"

"म्हणजे नाक वर करून चालणारी. शिष्ट. 'तुम्ही माझ्या पायरीचे नाही' असं तोंडानं न म्हणता दाखवणारी. का गं लव्ह, कुणाला म्हणालं कोण?"

तिथं सगळेच सगळ्यांना 'लव्ह' म्हणत. दूधवालासुद्धा. त्यामुळे त्या शब्दानं धीर वगैरे येत नसे. मी दोन दिवस रडले. मी शिष्ट नव्हते हो. त्या बायका काय बोलतात ते कळत नव्हतं, म्हणून हसून आत पळत होते. पण हे कुणाला आणि कुठल्या भाषेत सांगणार?

तिसऱ्या दिवशी डोळे पुसले आणि ठरवलं, हा शब्द अंगावरून उतरवायचा. व्हिस्ट शिकले. आल्याचा चिकट काळा केक करायला शिकले. सोमवारी मागच्या गल्लीत सगळ्यांच्या दोऱ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणल्या जात, तेव्हा मीही तोंडात चिमटे धरून उभी राहायला लागले. तीन वर्षांत मी गल्लीतली झाले. इतकी, की इतर कुणाविषयी कुजबुज असली तर ती माझ्यासमोर व्हायला लागली. मला त्याचा कोण आनंद.

कुजबुज बहुतेक वेळा हेस्टर थॅक्रेविषयी असायची.

हेस्टर आमच्या अगदी समोर, गल्लीपलीकडे राहायची. पस्तिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. गिरणीत कापड तपासून दुरुस्त करणाऱ्या बायकांत कामाला होती. कापडावरून नुसता तळवा फिरवून ती गाठ शोधून काढते, असं म्हणायचे. नवरा वॉल्टर बस चालवायचा. मूलबाळ नव्हतं. ती दोरीवर कपडे टाकायची आणि आत जायची, सुकले की काढायची आणि आत जायची. मध्ये एक "मॉर्निंग". तोही मान न वळवता.

आणि दर बुधवारी, गिरणीतली अर्धी पाळी संपली की, अडीचच्या बसनं ती कुठेतरी जायची. हातात निळी पिशवी. साडेपाचला परत. केस नीट बांधलेले, गाल लाल.

"गाल लाल का होतात बाईचे, सांगू?" आयव्ही डोळा मारायची.

"डॉक्टरांकडे जात असेल शहरातल्या. मूल होत नाही ना."

"दर आठवड्याला? कसला डॉक्टर गं तो!"

सगळ्या हसायच्या आणि त्यांच्यात मीही. मग एकदा मीच म्हणाले, "त्या पिशवीत बाटली असेल." त्यावर बायका इतक्या खूश झाल्या की पुढचा महिनाभर ती बाटली गल्लीत फिरत राहिली. मी ती पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नव्हती.

त्या वर्षी दिवाळीत मी करंज्या केल्या. सहा-सहा करंज्यांच्या बशा घरोघर दिल्या. लोकांनी आत बोलावलं, चहा दिला, "ह्यात मिरची तर नाही ना?" असं दहादा विचारून खाल्ल्या. हेस्टरनं दार वीतभर उघडलं. बशी घेतली. "थँक्यू," म्हणाली आणि दार लावलं. मी पायरीवर उभीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बशी आमच्या मागच्या पायरीवर होती. लख्ख धुतलेली. रिकामी.

आपल्याकडे कुणी रिकामं भांडं परत करतं का? दोन दाणे साखर तरी घालतात. मी ती बशी हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. मनात एकच किडा, हिला आमचं खाणं घाण वाटलं. कचऱ्यात टाकलं असणार. आमचा रंग, आमचा वास, आमचा हात. त्या देशात राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनात हा प्रश्न कायम असायचा. कुणी बसमध्ये शेजारी बसलं नाही, दुकानदारानं सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले, की लगेच मनात यायचं, कातडीमुळे, की असाच आहे हा? उत्तर कधी मिळत नसे. हेस्टरच्या बाबतीत मात्र मी ते स्वतःच देऊन टाकलं.

पुढच्या मार्चमध्ये मिस प्रॉक्टर आल्या. दत्तक मुलं देणाऱ्या एका संस्थेच्या बाई, राखाडी कोट, राखाडी टोपी. थॅक्रे जोडप्यानं अर्ज केला होता आणि ह्यांच्याकडून प्रकृतीचा दाखला हवा होता. हे व्हिजिटला गेलेले. मी त्यांना बसवलं, चहा दिला.

"तुम्ही समोरच राहता, नाही का?" कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या. "मग शेजारी म्हणून चार ओळी लिहून द्याल? नाव कुणाला कळणार नाही. डॉक्टरांच्या पत्नी म्हटल्यावर समितीही मान देईल."

मान! तीन वर्षांपूर्वी मला त्या बाकावरच्या बायका काय बोलतात ते कळत नव्हतं, आणि आता समिती मान देणार होती. मी कागद पुढे ओढला. घर स्वच्छ? अत्यंत. दारू, भांडणं? पाहिली नाहीत. हात तिथं जरा थांबला, ती बाटली आठवली, पण खोटं लिहवेना. शेवटचा प्रश्न होता, अर्जदारांचे शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत?

मी लिहिलं, 'मिसेस थॅक्रे स्टँडऑफिश आहेत.'

इंग्रजीत मी सहसा साधे, शाळेतले शब्द वापरायची. हा शब्द मात्र असा सहज उतरला, जणू जन्मापासून माझाच होता. मिस प्रॉक्टरनी वाचलं, भुवया किंचित वर केल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ह्यांना मी काही सांगितलं नाही. का नाही, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

मे महिन्यात नकार आला.

वॉल्टर थॅक्रे कधी कुणाशी बोलत नसे. त्या संध्याकाळी तो बस आगारात लावून गणवेशातच गल्लीत आला आणि आयव्हीच्या मागच्या दाराशी उभा राहिला. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"आयव्ही, मी तुझं कधी वाईट केलं का?"

"काय झालं रे वॉल्टर?"

"त्या बाईनं सांगितलं हेस्टरला. शेजाऱ्यांचं मत आहे, तुम्ही स्टँडऑफिश आहात, मुलाला माया कशी लावाल? समितीला शंका आहे म्हणे. सात वर्षं थांबलो आम्ही, आयव्ही."

"मी नाही बोलले! देवाशपथ!"

"ती बाई तुझ्या फाटकाशी उभी होती. तूच सांगत होतीस सगळ्यांना."

"अरे, तिनं मला तुमचं घर विचारलं! बोट करून दाखवलं मी, बस्स!"

"तुझं तोंड कधी नुसतं बोटावर थांबलंय?" वॉल्टर म्हणाला आणि निघून गेला.

कुणाला पुरावा हवाच नव्हता. आयव्ही बोलघेवडी, आयव्हीनं बुधवारच्या गोष्टी रचलेल्या, तेव्हा आयव्हीच. ज्यांनी तिच्या गोष्टींवर पोट धरून हसून घेतलं होतं त्याच बायका आता तिची दोरी आली की आपली टोपली उचलून पलीकडे जायच्या. चॅपलमध्ये व्हिस्टला तिच्यासोबत बसायला कुणी तयार होईना. चॅपलच्या पाद्र्याच्या बायकोनं मला खुणावलं, "तुम्ही इकडे या, माझ्याबरोबर." मी गेले. आयव्ही एकटीच टेबलाशी पत्ते पिसत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. किटलीला हात लावला नाही.

"तू तरी मानतेस ना, मी नाही ते?"

"मानते ना. तू नाहीस."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"सगळ्या गल्लीला वाटतं मीच. तुला एकटीलाच इतकी खात्री कशी गं?"

"तुला ओळखते म्हणून," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली, आणि गेली. जाताना टेबलावरच्या माझ्या फाउंटन पेनाकडे तिनं पाहिलं असं मला वाटलं. कदाचित पाहिलंही नसेल. पण त्यानंतर मला सगळेच माझ्याकडे बघताहेत असं वाटायला लागलं. दूधवाला बाटल्या ठेवून जरा जास्तच वेळ थांबला की मी आतून दार लावून घ्यायची. समोर हेस्टरचा पडदा हलला की मी खिडकीपासून मागे सरायची.

ह्यांनी मला आठ दिवसांनी धरलं. जेवताना, अगदी सहज आवाजात.

"ती संस्थेची बाई आली होती त्या दिवशी टेबलावर दोन कप होते. किती वेळ बसली होती?"

"थोडा वेळ."

"काय लिहिलंस तू?"

मी सांगितलं. मग घाईघाईनं म्हणाले, "अहो, मला त्याचा अर्थ इतका वाईट असेल असं वाटलं नाही. कोशात अलिप्त दिलंय. राखून वागणारी. मला वाटलं, आब राखून असते असं होईल."

ह्यांनी घास खाली ठेवला. "तुला कुणी म्हणालं तेव्हा तर नीट कळला होता अर्थ. दोन दिवस रडत होतीस."

त्या क्षणी पेन हातात असताना मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी स्वतःला कितीदा तरी विचारलंय, आणि दर वेळी स्वतःच्या उत्तराचा संशय आला आहे.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. साडेपाचला हेस्टर परत आली तशी मी गल्ली ओलांडली आणि तिचं दार वाजवलं. दार वीतभर उघडलं.

"मिसेस थॅक्रे, तो शब्द मी लिहिला. आयव्हीनं नाही. मी."

ती बघत राहिली. मला वाटलं, दार तोंडावर आदळणार. ती म्हणाली, "आत या."

तीन वर्षांत त्या घरात गेलेली गल्लीतली मी पहिलीच असेन. काय असेल म्हणून आम्ही काय काय रचलं होतं! एक टेबल, एक घड्याळ आणि दोन खुर्च्या. तिसरी खुर्चीच नव्हती. तिनं मला एक दिली आणि स्वतः उभी राहिली. निळी पिशवी टेबलावर उघडी पडली होती. तिच्यातून तिनं ओला पोहण्याचा पोशाख आणि रबरी टोपी काढली आणि शेगडीपुढच्या कठड्यावर वाळत घातली. मी त्याकडे बघतच राहिले.

"पोहायला जाते," ती म्हणाली. "शहरातल्या तलावावर. बुधवारी गर्दी नसते."

"एवढंच?"

"अजून काय हवं होतं तुम्हाला?"

मी खाली मान घातली. मग ती म्हणाली, "का लिहिलंत?"

मी बशीचं सांगितलं. सांगताना ते किती लहान वाटत होतं! सहा करंज्या, एक रिकामी बशी.

"चार वॉल्टरनं खाल्ल्या, दोन मी," हेस्टर म्हणाली. "बशी घासून परत दिली. आमच्याकडे हीच रीत. तुमच्याकडे काय करतात?"

"थोडी साखर तरी घालतात."

"मग हे मला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही. पण तुम्ही मला आत नाही बोलावलंत. मला वाटलं, मी... आमचा रंग..."

"मी आईलासुद्धा आत बोलवत नाही!" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दिवसभर चाळीस बायकांच्या मध्ये बसते मी. वरून मागांचा खडखडाट. घरी आल्यावर मला शांतता लागते. पूर्वीपासून लागते. त्यात कुणाचा अपमान करायचा नसतो मला. तुम्हाला काहीतरी कारण पाहिजे असतं. दारू पाहिजे, यार पाहिजे, नाहीतर तुमचा रंग पाहिजे. मला माणसं थोडी पुरतात, हे कारण पुरत नाही का?"

मी माफी मागितली. ती तिनं घेतली नाही आणि नाकारलीही नाही. दाराशी येऊन म्हणाली, "उद्या त्या प्रॉक्टरबाईकडे चला आणि हेच सांगा. दहाची बस." मग जरा थांबून, "मी साडेनऊच्या बसनं जाईन. तुम्ही दहाच्या या."

मिस प्रॉक्टरच्या टेबलापुढे हेस्टर एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला बसलो. मी म्हणाले, "तो शब्द मी रागानं लिहिला. ह्या बाईविषयी मला काहीच माहिती नव्हती."

"पण शब्द चुकीचा होता का?" मिस प्रॉक्टरनी शांतपणे विचारलं. "त्या शेजाऱ्यांत मिसळत नाहीत, हे खरं ना?"

"खरं आहे. माझ्याबद्दलही हाच शब्द वापरत होते, सगळं गाव. मला दोन मुलं आहेत. त्या शब्दानं आई होता येत नसेल तर माझी मुलं आजच घेऊन जा."

हेस्टरनं वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. मिस प्रॉक्टर पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, समितीचा निर्णय फिरत नाही. पण कौन्सिलकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, थोडी मोठी मुलं असतात, तिकडे नव्यानं अर्ज करा, आमच्याकडून आक्षेप नाही असं पत्र मी देते. शिफारशी मात्र नव्या लागतील.

बसस्टॉपवर मी म्हणाले, "मी लिहू? या वेळी नीट लिहीन."

"नको," हेस्टर म्हणाली. "तुम्ही लिहू नका."

सोमवारी दोऱ्या ताणल्या गेल्या तेव्हा मी गल्लीच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ओल्या चादरी फडफडत होत्या. आयव्हीनं तोंडातला चिमटा काढला, चादरीला लावला आणि म्हणाली, "पंधरा दिवस. पंधरा दिवस मी एकटी पत्ते खेळले, आणि तू समोर बसून बघत होतीस." मग टोपली उचलून आत गेली.

त्यानंतर वर्षभर ती आमच्याकडे मागच्या दारानं आली नाही. औषध लागलं की पुढच्या दारानं यायची, घंटी वाजवायची आणि बाकावर बसून नाव सांगायची. "स्पेन्सली. आय. स्पेन्सली." जणू मला ते लिहिता येत नव्हतं. आणि मी लिहून घ्यायची.

हेस्टरनं शिफारस मागितली ती आयव्हीकडे. वॉल्टर टोपी हातात घेऊन आधी माफी मागून आला, मग हेस्टर कागद घेऊन गेली. आयव्हीनं दोन पानं लिहिली म्हणे, दोन्ही बाजूंनी. काय लिहिलं ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. पुढे ती पुन्हा किटली चढवायला लागली, सगळं बऱ्यापैकी पूर्वीसारखं झालं, तरी ते नाही सांगितलं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "शब्द नीट निवडले, लव्ह," आणि अशी हसली की मला वाटलं, त्यात माझ्याविषयीही काहीतरी असणार.

पंचाहत्तरच्या ऑगस्टमध्ये कौन्सिलच्या गाडीतून एक मुलगी उतरली. चार वर्षांची, मॅक्सीन नावाची, एका हातात खेळण्यातलं गाढव. आम्ही सगळ्या पडद्यांआडून बघत होतो. हेस्टर पायरीवर उभी होती, हात कसे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. मुलीनं गाढव तिच्या हातात कोंबलं आणि तिच्या बगलेखालून सरळ घरात शिरली.

ती पोर म्हणजे आयव्हीपेक्षा बडबडी निघाली. महिन्याभरात तिला गल्लीतलं प्रत्येक स्वयंपाकघर माहीत झालं. आमच्याकडे येऊन चुलीवर काय आहे ते झाकण उघडून बघायची, तिखट लागलं की जीभ बाहेर काढून घरभर पळायची आणि पुन्हा मागायची. त्यामुळे रोज संध्याकाळी हेस्टरला तिला शोधत दारोदार यावं लागे. एक दार वाजवायचं, "आहे का?" विचारायचं, पुढचं दार.

"या ना आत," मी म्हणायची.

"नको. बटाटे ठेवलेत," ती म्हणायची आणि पायरीवरच उभी राहायची. मॅक्सीन एक बूट सापडत नाही म्हणून टेबलाखाली शिरायची, तिथून काहीतरी लांबलचक सांगत राहायची. हेस्टर घाई करायची नाही. दाराच्या चौकटीला टेकून ती ऐकत असायची, आणि मी भांडी आवरत असायची.